पेट्रोलमधलं पाणी, पाण्यातलं पेट्रोल

माझ्या दोन मावश्यांचे नवरे, म्हणजे एकमेकांचे साडू. थोरले नांदेडचे, आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना घरीदारी सगळे ‘सर’च म्हणतात, साडूसुद्धा. धाकटे लातूरचे, गावाबाहेर त्यांचा पेट्रोल पंप आहे. त्यांना मी काका म्हणतो. सर त्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. दोघांचं उत्तम पटतं, पण ताट समोर असेपर्यंतच. हात धुतले की वाद सुरू.

यंदा मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला आणि पंपामागच्या कॉलनीतल्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. पेट्रोलचा नव्हे. काका स्वतः जाऊन हुंगून आले. रंगाऱ्याच्या डब्यासारखा, टर्पेंटाइनसारखा वास. “नवीन पाइपलाइन जोडलीय, तिच्या सोल्युशनचा वास आहे,” असं सांगून त्यांनी विषय मिटवला. चार दिवसांनी सर एका वास्तुशांतीसाठी लातूरला आले, आणि मिटलेला विषय पुन्हा निघाला.

सर : पाहुणे, पाइपच्या सोल्युशनचा वास असेलही. पण तुमच्या पेट्रोलमध्ये असं एक द्रव्य असू शकतं, ज्याचा पाण्यातला वास पेट्रोलसारखा येत नाही. मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर.

काका : एवढं लांब नाव? उखाण्यात घेतलं तर नवरी अर्ध्यात उठून जाईल.

सर : एमटीबीई म्हणा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, आठवतं? त्याआधी इंजिनानं ठोके देऊ नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचे. शिसं काढलं तरी ऑक्टेन पाहिजेच. ते वाढवायला जगभर ज्या गोष्टी घातल्या गेल्या, त्यातली ही एक. आपल्या मानकातही अशा ईथरना ठरावीक मर्यादेत परवानगी आहे.

काका : टँकर येतो तेव्हा चलनावर घनता लिहिलेली असते. मी हायड्रोमीटर घालून ती जुळवून बघतो. ईथर किती, हे मला कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

सर : तेच म्हणतो. पेट्रोल जमिनीत सांडलं तर त्यातला बराचसा भाग पाण्यात विरघळत नाही. बेंझीन लिटरमागे दोन ग्रॅमही विरघळत नाही. ईथर मात्र लिटरमागे चाळीस-पन्नास ग्रॅम विरघळतं, मातीला चिकटत नाही, जिवाणूही ते सावकाश खातात. पाणी जिकडं जाईल तिकडं ते जातं. वरातीपुढं वाजंत्री चालते ना, तसं. नवरदेव मागून येतो.

काका : आणि नवरदेव कोण?

सर : बेंझीन. त्यानं रक्ताचा कर्करोग होतो, हे ठरलेलं आहे.

इथं काकांचा आवाज चढला. कुणी त्यांच्या पंपाचं आणि कॅन्सरचं नाव एका वाक्यात घेतलं तर तो चढणारच.

काका : सर, तुम्ही काय सांगायलाव ते कळतंय मला. पण कुठं सांगायलाव ते बघा की. हे लातूर आहे. नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं पाणी आहे, म्हणून तुम्हाला मायक्रोग्रॅम सुचायलेत. इथं २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं होतं. टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. माणसं रात्री हंडे घेऊन नंबर लावून बसायची. ज्याच्या घरात घागरभर पाणी नाही, त्याला तुम्ही विचारणार, घागरीत लिटरमागे किती मायक्रोग्रॅम ईथर आहे म्हणून? अहो, त्याला लिटर तर मिळू द्या आधी.

या बोलण्याला तोड नाही. मी त्या वर्षी लातूरला होतो. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. स्टेशनावर लोक हार घेऊन उभे होते. पाण्याच्या गाडीला हार घालायची वेळ ज्या गावावर येते, तिथं पाण्याच्या शुद्धतेवर बोलणं चैनीचं वाटतं. सरांना मात्र तसं वाटत नाही.

सर : त्या गाडीच्या टाक्या कुठून आल्या होत्या?

काका : कोट्याहून. राजस्थान.

सर : एरवी त्यात काय असायचं?

काका : तेल. पण कोट्याच्या वर्कशॉपात वाफेनं धुऊन घेतल्या होत्या.

सर : का धुतल्या? तहान एवढी होती, तर तशाच आणायच्या. रेल्वेलाही कळत होतं की तहानलेल्याला तेलाच्या टाकीतलं पाणी द्यायचं तर टाकी आधी धुवावी लागते. तशी टाकी धुता येते, पाहुणे. खडक कसा धुणार?

काका काही क्षण गप्प बसले. मावशी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “जिंकलं कोण ते सांगा, त्याला दुसरा कप.”

मग सरांनी सांता मोनिकाची गोष्ट काढली, आणि इथं मला वाटतं त्यांनी थोडी घाई केली. कॅलिफोर्नियातल्या त्या समुद्रकाठच्या शहरानं १९९६ मध्ये आपल्या विहिरी बंद केल्या. शहराच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा त्या विहिरींतून यायचा. आजूबाजूच्या पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या आणि पाइपलाइनी गळून एमटीबीई विहिरींत पोचलं होतं. शहराला बाहेरून पाणी विकत घ्यावं लागलं आणि स्वतःच्या विहिरींचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात यायला सुमारे १५ वर्षं लागली. पुढं कॅलिफोर्नियानं ते द्रव्य पेट्रोलमधून काढूनच टाकलं. दरम्यान अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९९७ मध्ये सल्ला दिला होता की लिटरमागे २० ते ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पाण्याला वास आणि चव लागते.

सरांनी तिथल्या तिथं चहाच्या बशीखालच्या कागदावर हिशेब केला. दहा टक्के ईथर असलेलं एक लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७४ ग्रॅम ईथर. ते सगळं पाण्यात उतरलं आणि लिटरमागे २० मायक्रोग्रॅम धरलं, तर ३७ लाख लिटर पाण्याला वास लावायला पुरेल. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीसारख्या सात गाड्या.

काका : हिशेब तुमचा बरोबर असेल. पण तिथं वाळू आहे, सर. वाळूत पाणी पसरतं, मागोवा घेता येतो. इथं मी चार बोअर मारलेत. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मग काळा पाषाण, मधेच गेरूचा पट्टा. पहिला बोअर सातशे फुटांवर कोरडा. तिथून चाळीस पावलांवर दुसरा मारला, दोनशे ऐंशीला पाणी. शेजारच्याला त्याच रेषेत साडेसातशेला फुफाटा. माझ्या पंपाखालचं पाणी कॉलनीच्या बोअरला जातं का रेणापूरला जातं, हे सांगणारं कुणी आहे का?

इथं काका जिंकले, आणि सरांनी ते मान्य केलं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी सरळ पसरत नाही. ते सांध्यांतून, भेगांतून चालतं. पंपाला लागून असलेला बोअर स्वच्छ आणि दोन गल्ल्या पलीकडचा घाण, असं होऊ शकतं. म्हणून इथं एका बोअरचा निकाल शून्य आला तरी तो फक्त त्या बोअरचा शून्य असतो. पण सरांनी त्यालाच दोन गोष्टी जोडल्या. उन्हाळ्यात काळी भेगाळते, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी. त्या भेगांतून वरून सांडलेलं काहीही थेट मुरुमात उतरतं. आणि आपल्या बोअरला केसिंग असतं ते वरच्या मातीपुरतं. त्याखाली सगळा बोअर उघडा. वरच्या थरातलं घाण पाणी त्याच भोकातून खाली पाचशे फुटांवर पोचतं. बोअर पाणी वर आणतो तसंच खालीही नेतो.

काका : बरं, वास येतोय म्हणजे नाक आहेच की तपासायला. मशीन कशाला?

सर : ईथरपुरतं तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं एमटीबीईची आरोग्यावरून मर्यादाच घातली नाही, कारण अपाय होईल त्याच्या पुष्कळ आधी वास येतो. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, त्याचं नावच नाही.

काका : बघा! सरकारी मर्यादा नाही. अहवालात आकडा आला, तर तो कशाशी ताडून बघणार? लोक मात्र आकडा ऐकून घाबरणार.

सर : बेंझीनचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवलीय आणि पाण्यात त्याचा वास यायला मिलिग्रॅम लागतात. शेकडो पट. नाकाला कळेपर्यंत माणूस वर्षानुवर्षं पीत राहील. किनवटकडं फ्लोराइडचं काय झालं? त्याला ना वास, ना चव. पोरांचे दात पिवळे पडले तेव्हा कळलं. आणि दुसरं, पाहुणे, राग मानू नका, तीस वर्षं पंपावर बसलेल्या नाकावर माझा भरवसा नाही.

काका हसले. मग त्यांनी जो मुद्दा काढला तो मला सगळ्यात खरा वाटला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये नव्या पंपांसाठी नियम केला की शाळा, दवाखाना, वस्ती यांपासून ५० मीटर दूर. अगदीच अडचण असेल तरी ३० मीटरच्या आत नाहीच. काकांचा पंप १९८० च्या दशकातला. तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. “पंप वस्तीत गेला नाही,” काका म्हणाले, “वस्ती पंपाकडं चालत आली. एनए झालं, प्लॉट पडले, प्रत्येक प्लॉटवाल्यानं आपापला बोअर घेतला. तेव्हा कुणी विचारलं का, खाली टाकी आहे म्हणून? आणि नुसत्या पंपालाच का धरता? पलीकडं गॅरेज आहेत, सर्व्हिसिंग सेंटर आहेत. काळं ऑइल कुठं जातं, बघितलंय का कधी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी काकांबरोबर पंपावर गेलो. वाद खरा तिथं वळला, आणि सर तेव्हा अजून अंघोळीला होते.

रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी टाकीला डिप मारतात. पितळेची खुणांची लांब कांडी पाइपातून टाकीच्या तळापर्यंत सोडायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते वाचायचं, तक्त्यावरून लिटर काढायचे, रजिस्टरमध्ये लिहायचे. पण त्याआधी काकांनी कांडीच्या खालच्या टोकाला बोटानं एक लेप लावला. ही वॉटर पेस्ट. तळाशी पाणी असेल तर तेवढ्या उंचीचा लेप रंग बदलतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यामुळं हे जास्तच जपावं लागतं; पाणी शिरलं तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला मिळतं, तळाशी वेगळा थर बसतो आणि गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात बंद पडते.

मी विचारलं, “काका, हे रोज?” ते म्हणाले, “रोज. पावसाळ्यात दोनदा. पेट्रोलमध्ये पाणी निघालं तर लोक पंप फोडतील.”

पेट्रोलमध्ये पाणी आहे का, हे इथं गेली चाळीस वर्षं रोज तपासलं जातं, लेखी. पाण्यात पेट्रोल आहे का, हे एकदाही नाही. मी हे बोलून दाखवलं नाही. सर आले आणि त्यांनी नेमकं तेच बोलून दाखवलं.

सर : पाणी आत येतं तर पेट्रोल बाहेर जात नसेल कशावरून?

काका : भोक पडूनच पाणी येतं असं नाही, सर. झाकणाच्या खड्ड्यात पावसाचं साचतं, तिथून उतरतं. टाकीतल्या हवेला घाम येतो, त्याचं होतं. कधी टँकरमधूनच येतं. पेस्ट लाल झाली म्हणजे टाकी फुटली, असा अर्थ काढाल तर निम्मे पंप बंद करावे लागतील.

सर : मान्य. मग साठ्याचा हिशेब दाखवा. आलेलं, विकलेलं, उरलेलं.

काका : त्यातही रोज थोडी घट-वाढ असतेच. उन्हानं पेट्रोल फुगतं, उडतं, टँकर दहा-वीस लिटर कमी येतो.

सर : सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाचे सव्वाचार लिटर, वर्षाचे दीड हजाराच्या वर. तुमच्या रोजच्या घटीत ते दिसेल?

काका : (बऱ्याच वेळानं) नाही दिसणार.

हे ‘नाही दिसणार’ म्हणायला किती जड गेलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझं मत विचाराल तर पाणी तपासलं पाहिजे हे सरांचं बरोबर, पण सुरुवात या रजिस्टरपासून व्हावी हे काकांकडून शिकायला मिळालं. कोणत्या महिन्यात घट वाढली, कोणत्या पावसानंतर पेस्ट लाल झाली, हे आधी वाचलं तर कुठला बोअर आणि कधी तपासायचा हे कळतं. नाहीतर जिल्हाभर बाटल्या घेऊन फिरा. शिवाय इथं निम्मं पाणी टँकरनं फिरतं. मार्च-एप्रिलमध्ये बाराशे रुपयांना टँकर टाकणाऱ्याला विचारा, पाणी कुठलं; तो म्हणतो, बोअरचं. बोअर कुठला, हे त्याचं धंद्याचं गुपित. ज्या पाण्याला पत्ताच नाही, त्याचा अहवाल कुणाच्या नावावर काढणार?

काका : आणि सर, आता ईथर घालतंय कोण? आता वीस टक्के इथेनॉल. आमच्याच उसाचं.

सर : तुमच्याच उसाचं, आणि तुमच्याच मांजराच्या पाण्यावरचं.

काका : ते राजकारण नको सकाळी सकाळी.

सर : बरं, रसायनच सांगतो. इथेनॉल जमिनीत फार टिकत नाही, जिवाणू आवडीनं खातात. पण खाताना तिथला प्राणवायू संपवून टाकतात. मग बेंझीन खायला प्राणवायू उरत नाही आणि ते पुढं सरकतं. म्हणजे इथेनॉल सापडलं नाही तरी त्याची करणी सापडते. आणि तुमचा पंप २००० च्या आधीचा. शिशाच्या काळात शिशाबरोबर इथिलीन डायब्रोमाइड घालायचे, शिसं धुराड्यातून बाहेर पडावं म्हणून. शिसं मातीत अडकून बसतं, हे दुसरं बसत नाही. अमेरिकेत त्याची मर्यादा बेंझीनच्या मर्यादेचा शंभरावा भाग आहे. जुनी टाकी कधी बदललीत?

काकांनी उत्तर दिलं नाही. मुलाला हाक मारून नोझल पुसायला सांगितलं.

नमुना घ्यायचा ठरला तो मात्र काकांच्याच आग्रहानं. “घ्या एकदाचा. नाही निघालं तर कॉलनीत वाजवून सांगीन.” सरांनी चार बाटल्या आणल्या होत्या, ४० मिलीच्या, काचेच्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाच्या. गावोगाव जलजीवन मिशनच्या किटवर बायका पाणी तपासतात. क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड त्यावर कळतं, हे त्यावर कळत नाही. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेलं यंत्र लागतं, मोठ्या प्रयोगशाळेत.

कॉलनीतला बोअर आधी बराच वेळ चालवला, साचलेलं पाणी निघून जावं म्हणून. मग धार बारीक केली. जोरात फेसाळत भरलं तर जे शोधायचं तेच हवेत उडून जातं. बाटली काठोकाठ, इतकी की पाण्याला वर फुगवटा यावा, मग झाकण. उलटी करून टकटक करायचं. एक बुडबुडा दिसला.

“एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतं?” काका म्हणाले.

“त्यात बसतं ते,” सर म्हणाले आणि बाटली ओतून पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी बुडबुडा आला नाही. काका बाटली धरायला पुढं झाले तर सरांनी हात मागं घेतला. पंपावरचे हात. बाटली मी धरली. चौथी बाटली नांदेडहूनच शुद्ध पाण्यानं भरून, बंद करून आणली होती. ती न उघडता तशीच बाकीच्यांबरोबर परत जाणार. वाटेत बाहेरचं काही शिरलं तर ते या बाटलीत सापडेल आणि मग बोअरवर आळ येणार नाही. काकांना ही बाटली फार आवडली. “ही माझ्या बाजूची साक्षीदार,” म्हणाले.

बर्फ घातलेला थर्माकोलचा डबा तयार झाला. काकांनी गाडी काढली. सकाळीच टाकी फुल केली होती, नांदेडपर्यंत सोडतो म्हणाले. सर नको म्हणाले. पेट्रोल भरलेल्या गाडीत हा डबा ठेवायचा नाही. ते एसटीनं गेले, अहमदपूर, लोहा करत, डबा मांडीवर घेऊन. “एसटीत वास नसतो का?” मावशींनी विचारलं. “डिझेलचा असतो,” सर म्हणाले, “डिझेलमध्ये हे ईथर घालत नाहीत.”

अहवाल अजून आलेला नाही. परवा मी पंपावर गेलो होतो. काकांनी डिपच्या रजिस्टरमध्ये उजवीकडं पट्टीनं एक नवीन रकाना आखलाय, वर लिहिलंय ‘बोअर’. रोज सकाळी मावशी कॉलनीतल्या बोअरचं तांब्याभर पाणी आणून हुंगतात आणि फोनवर सांगतात, कारण काकांनीच कबूल केलंय की त्यांच्या नाकाचं काही खरं नाही. आठ दिवस ‘नाही’ लिहिलेलं होतं. मंगळवारी रात्री पाऊस झाला होता. बुधवारपुढं लिहिलं होतं, ‘थोडा’. रजिस्टरचे बाकी सगळे रकाने पेनानं भरलेले असतात. हा पेन्सिलनं भरलेला आहे.